अभंग

सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला इंग्रजी चित्रपटातील अतिमानवाच्या कथेत रस वाटावा असे सहसा घडत नाही; परंतु ज्या कथेत नायकाच्या अलौकिकत्वाचा पहिला पुरावा रजेच्या नोंदींतून निघतो, ती अर्धी टाकून उठणे माझ्या स्वभावाला मानवणारे नव्हते. प्रसंग असा आहे. एका भीषण रेल्वे अपघातातून एकटाच वाचलेला एक पहारेकरी मृतांसाठी झालेल्या प्रार्थनासभेतून बाहेर येतो, तेव्हा त्याच्या मोटारीच्या काचेवर कोणीतरी एक चिठ्ठी खोचून ठेवलेली असते, आणि तीत एवढेच विचारलेले असते की आयुष्यात तू आजारी असा किती दिवस पडलास. हा प्रश्न घेऊन तो ज्योतिषाकडे जात नाही, वैद्याकडेही जात नाही. तो आपल्या वरिष्ठाकडे जातो आणि मी आजारपणाची रजा कधी घेतली आहे काय, अशी विचारणा करतो. एकदाही नाही, असे उत्तर मिळते. आणि हा मनुष्य मोठ्या खुबीने पगारवाढ मागतो आहे अशी समजूत करून घेऊन वरिष्ठ ती वाढ मंजूरही करून टाकतो. दैवी शक्तीचा साक्षात्कार आणि पगारवाढीचा हुकूम एकाच मेजावर व्हावा, यातला विनोद ज्याने हयातभर हजेरीपटावर लाल शाईने शेरे मारले आहेत त्यालाच पुरता कळेल.

गेल्या पावसाळ्यात, बाहेर पाणी कोसळत असताना, 'आजोबा, यात मारामारी फारशी नाही, तुम्ही झोपणार नाही' अशा दुहेरी आश्वासनावर नातवाने मला त्याच्या संगणकासमोर बसवले. चित्रपटाचे नाव 'अनब्रेकेबल'. २००० सालच्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. म्हणजे कोळीमानव, लोहमानव आणि त्यांचा सारा गोतावळा चित्रगृहांचा कबजा घेण्यापूर्वी. दिग्दर्शक एम. नाईट श्यामलन हे १९७० साली माहे येथे जन्मले. केरळाच्या किनाऱ्यावर असूनही कारभाराने पुदुच्चेरीत मोडणारे हे चिमुकले गाव. मात्र ते वाढले फिलाडेल्फियाच्या परिसरात, आणि त्यांची ही कथाही त्याच शहरात घडते: थंड, ओलसर, राखाडी उजेडात बुडालेल्या शहरात. त्यांचा आधीचा 'द सिक्स्थ सेन्स' अफाट चालला होता, म्हणून हाही तसलाच गूढपट आहे असे भासवून तो विकला गेला आणि जाहिरातींत चित्रकथांचा उल्लेख टाळण्यात आला, असे दिग्दर्शकांनीच पुढे सांगितले आहे. अतिमानवाची कथा अतिमानव लपवून विकण्याचा काळ फार लांबचा नाही, याचे आज नवल वाटते.

नावाचे मराठी भाषांतर मनात करू गेलो तर एकच शब्द सुचला: अभंग. जो भंगत नाही तो. पण हा शब्द आपल्याकडे संतांनी इतका आपलासा करून ठेवला आहे की तो उच्चारताच टाळ ऐकू येतो, आणि फिलाडेल्फियाच्या क्रीडागारावर पहारा देणाऱ्या डेव्हिड डन नावाच्या टक्कल पडलेल्या, मितभाषी, उदास गृहस्थाला तो चिकटवताना संकोच होतो. त्यातही गंमत अशी की तुकोबांचे अभंग इंद्रायणीच्या डोहात तेरा दिवस राहूनही कोरडे वर आले अशी आपली श्रद्धा आहे, आणि या अभंग पुरुषाला मात्र साऱ्या सृष्टीत भय असेल तर ते पाण्याचेच. लहानपणी तो बुडता बुडता वाचलेला असतो. ज्याचे हाड मोडत नाही, ज्याला ताप येत नाही, त्याचे मर्मस्थान पावसाच्या पाण्यात असावे आणि म्हणून पहारेकऱ्याला मिळणारा मेणकापडी डगला हेच त्याचे चिलखत ठरावे, ही योजना मला फार मार्मिक वाटली. त्या डगल्याच्या पाठीवर त्याच्या नोकरीचा हुद्दा मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. इतर अतिमानव वेष बदलून बाहेर पडतात. हा कामावरचाच वेष घालून निघतो.

चित्रपटाची चाल संथ आहे, आणि ती संथपणाची किंमत पुरेपूर वसूल करते. पहिल्या आगगाडीच्या प्रसंगात पुढच्या बाकावरून मागे वळून पाहणाऱ्या एका लहान मुलीच्या नजरेने आपण दोन बाकांच्या फटीतून डेव्हिडला पाहतो. शेजारी एक तरुण स्त्री येऊन बसते आणि तो हळूच बोटातली लग्नाची अंगठी काढून खिशात टाकतो. अतिमानवाशी आपली पहिली ओळख होते ती या किरकोळ, काहीशा केविलवाण्या लबाडीतून. थोड्या वेळाने त्या गाडीतली १३१ माणसे मेलेली असतात आणि हा एकटा, अंगावर ओरखडाही न उठलेला, रुग्णालयात बसून वैद्याचे प्रश्न ऐकत असतो. अपघात आपल्याला दाखवलाच जात नाही. त्याच्या संसारातही काही धड नसते. पत्नी ऑड्री आणि तो एका घरात राहून वेगळे झोपतात. न्यूयॉर्कला नोकरीची मुलाखत देऊन तो परतत होता. तरुणपणी उत्तम फुटबॉल खेळणाऱ्या या माणसाने, ऑड्रीला तो हिंस्र खेळ आवडत नाही म्हणून, एका मोटार अपघाताची सबब पुढे करून, न झालेली दुखापत झाली असे सांगून खेळ सोडून दिला होता. वस्तुतः त्या अपघातात त्याने चेमटलेल्या मोटारीचे दार उपसून तिला बाहेर काढले होते. सुख मिळावे म्हणून आपले सामर्थ्य खोट्या दाखल्यावर गहाण टाकणारा माणूस आणि त्याला रोज सकाळी उठल्याबरोबर वाटणारी एक अनाम खिन्नता, हा या कथेचा पाया आहे. आणि ज्याने मनाजोगे नसलेले काम वर्षानुवर्षे बिनबोभाट केले आहे अशा कोणालाही ती खिन्नता समजावून सांगावी लागणार नाही.

चिठ्ठी लिहिणारा एलायजा प्राइस मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. त्याची हाडे जन्मजात ठिसूळ. १९६१ साली एका मोठ्या दुकानात आईने त्याला जन्म दिला तेव्हाच त्याचे हातपाय मोडलेले होते, आणि तपासायला आलेला वैद्य चकित होऊन विचारतो की बाळ कोणाच्या हातून पडले काय. हे सारे आपण आरशात पाहतो. पुढे घरातून बाहेर पडायला धजत नसलेला तोच मुलगा आपल्याला दिसतो तो बंद पडलेल्या दूरचित्रवाणी संचाच्या काळ्या काचेत. मुले त्याला काचेचा माणूस म्हणून चिडवतात, आणि दिग्दर्शक त्याला दाखवतोही काचेतूनच; परंतु हे इतक्या अलगद होते की दुसऱ्यांदा पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. मुलाला घराबाहेर काढण्यासाठी आई समोरच्या बाकावर एक चित्रकथा जांभळ्या कागदात गुंडाळून ठेवते: जा आणि घेऊन ये. मुलगा भीत भीत जातो, बाकावर बसून ती उघडतो, आणि तिथून जन्मभराचा वाचक होतो. आईच्या मायेने टाकलेला तो बाकावरचा पुडा पुढे काय काय घडवणार आहे, हे त्या क्षणी आईला ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते.

एलायजाची विचारसरणी साधी आहे. आयुष्यात चोपन्न वेळा ज्याची हाडे मोडली असा माणूस जर जगाच्या एका टोकाला असेल, तर ज्याचे एकही मोडणार नाही असा माणूस दुसऱ्या टोकाला असलाच पाहिजे. चित्रकथा काढणारे लोक ही गोष्ट अतिशयोक्तीने रंगवतात, पण तिच्या मुळाशी काही सत्य आहे. हा युक्तिवाद ऐकताना मी मनाशी हसलो, आणि मग गप्प झालो, कारण असले युक्तिवाद मी आजारी माणसांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत. दुःख निरर्थक आहे हे मान्य करण्यापेक्षा ते कोणाच्या तरी जमेच्या बाजूला मांडलेले आहे असे मानणे मनुष्याला सोपे जाते. खातेवहीत नावे पडलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जमा झालेली असलीच पाहिजे, या हिशेबनिसाच्या श्रद्धेसारखीच ही श्रद्धा.

माझ्या मते या चित्रपटाचा खरा विषय अतिमानव हा नाहीच. ज्यांना अतिमानवावाचून जगवत नाही अशी माणसे हा आहे. डेव्हिडला स्वतःच्या असामान्यत्वाचे काडीचे कौतुक नाही. त्याला मानणारे दोघे: एक एलायजा आणि दुसरा त्याचा स्वतःचा लहान मुलगा जोसेफ. भक्तावाचून देवाला देवपण नाही, हे आमच्या वारकऱ्यांनी फार प्रेमळपणे सांगितले आहे. आईबापांची सेवा चालली आहे, तेवढी होईपर्यंत थांब, म्हणून पुंडलिकाने वीट भिरकावली आणि देव तीवर उभा राहिला. परंतु भक्तच अधीर झाला, देव खरा आहे की नाही याचा निकाल आजच्या आज लागला पाहिजे असा हट्ट धरून बसला, तर तो काय करील, याची कल्पना आमच्या भजनांतून क्वचितच येते.

तळघरातला प्रसंग पाहा. डेव्हिड वजने उचलतो आहे आणि मुलगा ती चढवतो आहे. थोडी उतरव, असे सांगितल्यावर पोरगा उतरवण्याऐवजी गुपचूप वाढवतो, लोखंड संपते तेव्हा दोघे मिळून रंगाचे डबे दांड्याला अडकवतात, आणि साडेतीनशे पौंडांच्या आसपासचे ते ओझे बाप छातीवरून वर ढकलतो. मुलाच्या डोळ्यांतला आनंद आणि बापाच्या डोळ्यांतले भय एकाच वेळी दिसते. याचे पर्यवसान स्वयंपाकघरात होते. शाळेत मार खाऊन आलेला जोसेफ बापाचे पिस्तूल हातात धरून उभा राहतो: मी गोळी झाडतो, तुम्हाला काही होणार नाही, मग तुमचीच खात्री पटेल. आई विनवते, बाप दरडावतो, पोरगा रडतो पण पिस्तूल खाली येत नाही. अखेर ज्या धमकीने ते खाली येते ती विलक्षण आहे. तू चाप ओढलास तर मी घर सोडून न्यूयॉर्कला निघून जाईन, असे बाप सांगतो. बाप गोळीने मरेल याची त्या पोराला मुळीच भीती नाही. बाप दुसऱ्या गावी नोकरीला जाईल याची आहे. लहान मुलाच्या श्रद्धेचे आणि लहान मुलाच्या भयाचे इतके अचूक मोजमाप मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिल्याचे आठवत नाही.

तो प्रसंग चालू असताना नातवाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, 'आजोबा, थांबवू का?' मी नको म्हणालो.

आमचे आप्पा तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीत शिपाई होते, आणि बहुतेक रात्री खजिन्याच्या खोलीबाहेर त्यांचा पहारा असे. सकाळी घरी येऊन भाकरी खाल्ली की ते ओसरीवर घोंगडीवर आडवे होत. त्याआधी चिलीम. चुलीतला निखारा चिमट्याने उचलण्याची त्यांची रीत नव्हती. दोन बोटांनी ते तो सहज उचलत, तळव्यावर एकदा झेलत आणि चिलमीत टाकत. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझ्या बापाला विस्तव भाजत नाही, ही गोष्ट मी साऱ्या आळीला सांगून ठेवली होती आणि ती मला बाकीच्या पोरांच्या बापांच्या शेती, दुकाने, बैलजोड्या या सगळ्यांहून मोठी वाटत होती. एके दिवशी सोनाराच्या पोराने ती खोटी आहे म्हणून पैज लावली. दुपारी आप्पा उताणे झोपले होते, उजवा हात घोंगडीबाहेर, तळवा उघडा. आई विहिरीवर गेली होती. मी चुलीतून निखारा चिमट्यात धरून आणला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

तो क्षण मी लिहू शकत नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तो मला फार चांगला आठवतो. आधी काहीच झाले नाही, एक श्वासभर, आणि त्या श्वासभरात माझ्या मनात जो आनंद उसळला तसा पुन्हा कधी उसळला नाही. मग ते ओरडून उठले, हात झटकला, आणि निखारा घोंगडीवर पडून लोकर जळल्याचा वास ओसरीभर झाला. त्यांनी पायाने निखारा चिरडला, घडा उचलून हातावर पाणी ओतले, आणि मग माझ्याकडे पाहिले. मारण्यासाठी हात उचलतील म्हणून मी खांबाला धरून उभा होतो.

'काय बघत होतास रे?'

'तुम्हाला भाजत नाही ना.'

'भाजतं की,' ते म्हणाले. 'झटकन टाकतो म्हणून कमी भाजतं.'

एलायजाच्या हातून जे घडते ते यापेक्षा किती निराळे आहे, याचा विचार मी चित्रपट संपल्यावर बराच वेळ करीत होतो. अखेरीस डेव्हिड त्याच्याशी हस्तांदोलन करतो, आणि स्पर्शाने दुसऱ्याची पापे दिसण्याची जी शक्ती त्याला आता अवगत झाली आहे तिच्या योगाने त्याला कळते की ती आगगाडी एलायजानेच उलथवली, त्यापूर्वी एक विमान पाडले, एका हॉटेलाला आग लावली. शेकडो माणसे मेली, ती केवळ त्यांतून न मरणारा एखादा निघतो काय हे पाहण्यासाठी. जोसेफचे पिस्तूल, माझा निखारा आणि ती आगगाडी ही एकाच जातीची कसोटी आहे. जोसेफला दरडावणारा बाप समोर होता, मला निखारा सोसणारा बाप होता; एलायजाच्या समोर कोणी नव्हते, आणि त्याची श्रद्धा बालपणीच्या वयातच अडकून राहून हातपाय मात्र प्रौढाचे झाले. त्या हस्तांदोलनानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येते, आपले या जगातले स्थान काय हे एकदाचे कळल्याचे समाधान, ते मला सबंध चित्रपटात सर्वांत भीषण वाटले. सॅम्युएल जॅक्सन या नटाने ते आरडाओरडा न करता, जवळजवळ अश्रूंनी दाखवले आहे. डेव्हिड झालेल्या ब्रूस विलिसबद्दल मी अधिक काय सांगू. इतका कमी अभिनय करून इतके दाखवणारा नट आपल्या रंगभूमीवर मिळाला असता तर त्याच्यावर अभिनय येत नसल्याचा आरोप झाला असता.

डेव्हिडचा पराक्रम एकच आहे, आणि तोही अपुरा. रेल्वे स्थानकाच्या गर्दीत तो हात पसरून उभा राहतो, अंगाला घासून जाणाऱ्या एकेका माणसाचा गुन्हा त्याला दिसतो, आणि नारिंगी डगल्यातल्या एका कामगाराने कोणाच्या तरी घरात शिरून बापाला ठार केले आहे हे कळल्यावर तो त्याच्या मागावर जातो. पोचतो तेव्हा मुलांची आईही मेलेली असते. उरलेली दोन पोरे तेवढी तो सोडवू शकतो. तोही गॅलरीतून खाली ढकलला जाऊन पोहण्याच्या तलावावरच्या कापडात गुरफटतो, बुडू लागतो, आणि ज्यांना सोडवायला आला तीच पोरे एक काठी पुढे करून त्याला बाहेर ओढतात. मग तो त्या माणसाला मागून गळ्याशी आवळून धरतो आणि त्याच्या धडपडीने भिंतीवर आपटत राहतो, पण सोडत नाही. एवढेच. पाहताना मला युद्धाची आठवण झाली नाही. पुराच्या पाण्यात बुजलेला बैल धरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची झाली.

एक गालबोट आहे आणि ते सांगितले पाहिजे. सारी कथा इतक्या संयमाने सांगणाऱ्या दिग्दर्शकाने शेवटी पडद्यावर दोन ओळी लिहून टाकल्या आहेत: एलायजाचे पुढे काय झाले, त्याला कुठे ठेवले. हा पंचनामा कोणी मागितला होता, कळत नाही. २०१९ साली याच मंडळींची 'ग्लास' नावाची पुढची कथा आली, तीत डेव्हिड एका खड्ड्यातल्या पाण्यात तोंड दाबून मारला जातो असे नातवाने सांगितले. ती पाहण्याचे धैर्य मी केले नाही. मात्र श्यामलन स्वतः या चित्रपटात क्षणभर दिसतात, क्रीडागारात शिरणाऱ्या एका संशयिताच्या भूमिकेत, आणि डेव्हिड त्यांची झडती घेतो. आपल्या निर्मात्याचीच झडती घेणारा नायक; हा चावटपणा मला आवडला.

आणि एक न्याहारीचा प्रसंग आहे. ती पोरे सोडवली त्या रात्रीनंतरची सकाळ. ऑड्री ओट्याशी पाठमोरी, टेबलाशी बाप आणि मुलगा. डेव्हिड वर्तमानपत्र मुलाकडे सरकवतो. त्यात डगल्याच्या टोपीतला, चेहरा न ओळखू येणारा एक माणूस चितारलेला असतो. तुझेच खरे होते, असे तो ओठांनी, जवळजवळ आवाजावाचून सांगतो. जोसेफचे डोळे भरून येतात, आणि आई वळते तेव्हा बाप त्याला खुणेने गप्प बसायला सांगतो.

आई विहिरीवरून आली तेव्हा आप्पांनी तिला सांगितले की चिलमीतला निखारा हातावर पडला. तिने कचेरीतून आणलेली निळी शाई त्या तळव्यावर ओतली, भाजल्यावर तेव्हा तोच उपाय असे, वर जुन्या धोतराची पट्टी बांधली, आणि बांधता बांधता चिलमीच्या व्यसनाला, त्यांच्या वेंधळेपणाला आणि झोपेला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतल्या. पट्टीच्या वरून ते माझ्याकडे पाहत होते. संध्याकाळी ते पहाऱ्यावर गेले, आणि हजेरीपटावर सही कोणत्या हाताने केली हे मला ठाऊक नाही. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद पुढे मीच तयार केले तेव्हा आजारपणाच्या रजेचा रकाना सबंध कोरा होता. आईला खरा प्रकार शेवटपर्यंत कळला नाही. आप्पांना निखारा बोटांनी उचलताना त्यानंतर मी कधी पाहिले नाही. चिलीम भरली की ते हात पुढे करीत, आणि चिमटा आणून देण्याचे काम माझ्याकडे आले.